मनी, मुक्ताई आणि केळीच्या बागा

माघातल्या दिंडीत टाळ असतात, पताका असतात, स्टीलचे डबे असतात, गुडघ्याला चोळायचं तेल असतं. कादंबरी नसते. आमच्याकडे होती. जळगावातली आम्ही काही वाचणारी माणसं यावल तालुक्यातल्या सांगवीहून मुक्ताईनगरजवळच्या कोथळीच्या मुक्ताईपर्यंत चालत निघालो होतो, आणि वाटेत मुक्कामाला ‘कोसला’ वाचायची असं ठरलं होतं. सांगवी हे ‘कोसला’ लिहिणाऱ्या भालचंद्र नेमाड्यांचं गाव आणि त्यांच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकराचंही. म्हणून सुरुवात तिथून. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत चांगदेव-मुक्ताईनगरला यात्रा भरते आणि रावेर-यावलकडून, बऱ्हाणपूरकडून, विदर्भातून पायी दिंड्या येतात. म्हणून शेवट तिकडे.

कल्पना आमच्या सरांची. सर निवृत्त मराठीचे प्राध्यापक, त्यामुळे वेळापत्रक आलंच. त्यात पहिल्या दिवशी दुपारी ‘आनंद’, रात्री ‘शोक’, आणि तिसऱ्या दिवशी ‘समन्वय’ नावाचं काहीतरी होतं. मला हा प्रकार मुळीच आवडला नव्हता. हल्ली दुःखाचीसुद्धा शिबिरं निघतात. चटईवर बसा, डोळे मिटा, आता रडा, आता चहा. माझा थोरला भाऊ जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि मी आले होते ती फक्त चालायला. घरात बसवत नव्हतं.

सांगवीहून हिंगोण्याकडे सकाळी निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती. दोन्ही बाजूंना केळी. केळीच्या बागेतून थंडीत चालणं काय असतं ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. पानांवरून दव टपटपतं, ठिबकच्या नळ्यांशेजारची माती ओली काळी, आणि आत डोकावलं तर दिवसाउजेडी हिरवा अंधार. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. दहा वाजले की ऊन असं चढतं की शाल कुठे ठेवू आणि डोक्यावर काय घेऊ असं होतं.

एका गावच्या दिंडीमागे आम्ही लागलो. पुढे वीणेकरी, मग टाळकरी, मग तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, आणि सगळ्यात मागे आम्ही पांढरे बूटवाले. फैजपूर येईतो आम्ही प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालायला लागलो होतो, ‘कोसला’ वाचणाऱ्याला हा रोग होतोच. फैजपुरात चहा घेताना सरांनी 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाचं सांगितलं, खेड्यात भरलेलं पहिलं. ऐकणारे थोडे, पाय दाबणारे जास्त.

दुपारी सरांनी ‘आनंद’ उघडला. म्हणजे पुण्याचं होस्टेल, मेस, पोरांच्या टवाळक्या, बापाचे पैसे. आम्ही हसत होतोच, पण शेजारी दिंडीतल्या बायाही येऊन बसल्या. त्यातल्या एक आजी वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, तळहाताला थोडी राख, आणि नजर पुस्तकावर. नऊवारीचा काठ विरलेला, बोटं मात्र मशीनसारखी चालू. पांडुरंग पैसे कसे उडवतो ते आलं तशा म्हणाल्या, “बापानं काय केळी इकून पैसे धाडले अशीन आन हा पाह्य!” आमच्यातले निम्मे बाप लेकरांना पुण्यालाच पैसे पाठवतात. हशा जो पिकला तो सरांना आवरेना.

सावद्याच्या मुक्कामी भरीत होतं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. माघातलं भरीत हे खानदेशातल्या माणसाला वर्षभर पुरतं असं मी उगाच म्हणत नाही, त्या पंगतीत दोनदा वाढून घेतलेलं मला आठवतंय आणि त्याची लाज वाटत नाही. घरी वर्षभर मी जेवले होते ते जेवायचं म्हणून.

हरिपाठ झाला आणि सरांनी वेळापत्रकाप्रमाणे मनीचं प्रकरण काढलं. वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण, आणि ती देवीच्या आजारात जाते. सरांनी आवाज घोगरा केला. दोन-तीन पानं झाली आणि मला ते सहन होईना; दुःखामुळे नव्हे, त्या आवाजामुळे. मी म्हटलं, “सर, थोडं मागून वाचा ना. आणि दुपारी वाचलंत तसं वाचा.” सर रागावले असावेत. पण पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

मी वाचलं. सरळ, जसं लिहिलंय तसं. आणि तिथेच कळलं की नेमाडे आवाज बदलतच नाहीत. तोच चेष्टेखोर, तुटक बोलणारा मुलगा. त्याच्याकडे या गोष्टीसाठी दुसरी भाषा नाही. दुपारी त्याच बोलण्यावर आपण हसलेलो असतो, म्हणून आपल्याला पळायला जागा राहत नाही. ‘कोसला’ 1963 ची. तेव्हा देवीनं पोरं जात होती. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 चा. आजींना हे आकडे नको होते. त्यांनी वाती बाजूला ठेवल्या होत्या. त्या सांगत होत्या, घरात देवी आली की फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा पाला, आल्यागेल्यानं उंबऱ्यातच थांबायचं. आणि त्यांचा एक भाऊ असाच गेलेला, ‘पाळण्यातून नुकता उतरेल’. मग म्हणाल्या, “एवढं हासवून मंग रडावतो का हा?” शिवी दिल्यासारखं म्हणाल्या.

रात्री झोपताना त्यांनी मला विचारलं, तुझं कोण गेलं. मी सांगितलं. वाटलं आता डोक्यावरून हात फिरवतील, नशिबाच्या गोष्टी सांगतील. त्यांनी विचारलं, “कसा व्हता?” वर्षभर मला सगळ्यांनी विचारलं होतं ते काय झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, वेळेवर नेलं का. कसा होता हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले. तो फटफटीवर केळीचा घड बांधून सासुरवाडीला निघाला आणि पोचला तेव्हा मागे नुसता दांडा उरला होता, वाटभर पोरांनी केळी तोडली आणि याला पत्ता नाही. आजी इतक्या हसल्या की पलीकडून चोपदार ओरडले, “माउली, झोपा आता!”

तापी ओलांडली त्या दिवशी सरांनी ‘समन्वय’ काढला नाही. चालता चालता ते मुक्ताईवर बोलत होते आणि ते मात्र मी मनापासून ऐकलं. कार्तिकात आळंदीला ज्ञानदेव, मार्गशीर्षात सासवडला सोपान, वैशाखात इथे तापीकाठी विजेच्या कडकडाटात मुक्ताई, आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. शके 1218-19, म्हणजे 1296-97. सरांचा मुद्दा निवृत्तिनाथांचा होता. तिन्ही धाकटी भावंडं डोळ्यांदेखत गेलेला हा थोरला भाऊ. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी नामदेवांनी त्यांच्या तोंडी घातलंय की बांधलेल्या तळ्याचा पाट फुटला, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगलं. पांडुरंग आणि निवृत्ती, दोघांची धाकटी बहीण गेलेली, असं सर जोडत होते. छान जोडत होते. माझ्या डोक्यात मात्र मुक्ताई होती. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला ‘ताटी उघडा’ म्हणून समजावणारी बहीण. आळंदीची समाधी आणि तापीकाठची वीज, यांच्यामध्ये सहाएक महिने आहेत. त्या महिन्यांत ती भावाबद्दल कोणाशी काय बोलली असेल? कोणी विचारलं असेल का तिला, कसा होता म्हणून?

कोथळीत पोचलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. दिंड्यांवर दिंड्या. आमच्या दिंडीतल्या बायांनी देवळापुढे फुगड्या धरल्या आणि एकीनं माझे हात ओढले. माझ्या टाचेला फोड आला होता, तो तिथे फुटला. थांबले नाही. सर चष्मा सांभाळत टाळ वाजवत होते, ठेका सोडून.

रात्री कीर्तनाआधी आजी पुस्तकाचं विचारत आल्या. पुढे काय झालं त्या पोराचं?

सर सरसावून बसले. नापास होऊन गावी परत येतो, बापाशी त्याचं पटत नाही, काहीच न करता गावात राहतो, आणि त्यातूनच जगण्याचा जो एक व्यापक…

“मंग केळी कोन पाह्यतं?” आजी म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बापच पाहत असेल आजी.”

“असंच रायतं,” आजी म्हणाल्या, आणि कीर्तनात पुढची जागा धरायला उठल्या.