गणपती पुळ्याला गेला, आम्ही गुळ्यालाच थांबलो

फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस रत्नागिरीजवळच्या पावस गावी आत्याकडे होतो. रविवारचं गणपतीपुळं म्हणजे पार्किंगलाच अर्धा तास जातो, म्हणून आत्तेभावाला म्हटलं की यावेळी उत्तरेला जायचंच नाही, अ‍ॅक्टिव्हा काढ आणि दक्षिणेला जाऊ, आंबोळगडापर्यंत जमेल तेवढं. आत्या पोळ्या लाटत होती, तिथूनच म्हणाली, "अरे, गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, तुम्ही आता तिथे काय बघणार?" इकडे ही गोष्ट सगळ्यांना माहिती असते की गणेशगुळ्याचा गणपती गाव सोडून गणपतीपुळ्याला जाऊन बसला. मला तर वाटतं जाताना तो सगळी गर्दीपण बरोबर घेऊन गेला, आपल्यासाठी बरंच झालं की.

गणेशगुळं पावसपासून अगदी जवळ. पण मेन रोडवरून बीच दिसतच नाही. आत वळायचं, आंबे काजूंच्या मधून खाली उतरायचं आणि मग एकदम समोर समुद्र. सकाळी साडेसातला आख्ख्या पुळणीवर (इकडे वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात) आम्ही दोघं आणि एक कुत्रं, कुत्र्यालाही आमच्यात फार इंटरेस्ट नव्हता.

तिथून पूर्णगड. किल्ला छोटासा, दहा मिनिटांत फिरून होतो, पण तटावर चढून दक्षिणेला बघा, खाली मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे गावखडीची लांबच लांब पुळण आणि तिच्या कडेने सुरूचं बन. ही मुचकुंदी तिकडे लांज्यातल्या माचाळहून, म्हणजे सह्याद्रीच्या पार माथ्यावरून येते. पूल ओलांडला की गावखडी.

गावखडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरट्यातली अंडी काढून कुंपण केलेल्या जागेत वाळूत पुरतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात, आणि निघायची वेळ आली की त्या खड्ड्यावर टोपली उपडी घालून ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघायचं. राखण करणारे काका नेमके टोपलीपाशीच होते. उचलली. खाली नुसती वाळू, मधोमध जराशी खचलेली, जसं पिठात बोटाने दाबावं तशी. काका म्हणाले, "खड्डा पडला ना, म्हणजे आत हालचाल आहे. आज नाहीतर उद्या." आम्ही अजून पंधरा मिनिटं उगाचच उभे राहिलो.

पुढे कशेळी. इथे कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याचं, कोकणात तशी कमीच. गोष्ट अशी सांगतात की खिलजीच्या भीतीने सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे येऊन अडलं, मग मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला. गोष्ट मस्तच आहे, फक्त देवळाकडचा शिलाहार भोज राजाचा ताम्रपट शके १११३ चा म्हणजे इसवी सन ११९१ चा, आणि खिलजीची गुजरातवरची स्वारी १२९९ ची. आत्तेभाऊ म्हणाला हे देवळात बोलू नकोस.

त्याच गावात देवघळी. सड्यावरून (सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार) चालत कड्याच्या टोकाला यायचं आणि खाली दोन काळ्या कड्यांच्या मधे चिमूटभर वाळू. खालून लाट कपारीत घुसली की आधी आवाज येतो आणि मग पाणी वर उडतं. इथे पोहायचं नाव काढू नका, ओढ जबरदस्त आहे आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. कडेला उभं राहून सेल्फी पण नको, जांभ्यावरची खडी पायाखाली गोळ्यांसारखी घसरते, माझी चप्पल सरकलीच होती.

कशेळीच्या सड्यावरचं कातळशिल्प (म्हणजे जमिनीच्या सपाट कातळात कोरलेलं चित्र) पण बघा, एक हत्ती, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी, पक्षी, मासे कोरलेत. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलाय. पण दुपारी बाराला गेलं की ऊन डोक्यावर असल्याने रेषांना सावलीच पडत नाही, आम्हाला आधी सोंडच सापडेना. तुम्ही सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर जा.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं, तिथेच जेवलो (कुळथाची पिठी आणि भात, अजून काय पाहिजे) आणि वेत्येला गेलो. गुगल मॅपने आम्हाला एका घराच्या अंगणात नेऊन सोडलं. आंबा पेटी नीट करत बसलेल्या आजी न विचारताच म्हणाल्या, "पुळणीवर ना? मागे फिरा, वडाकडून डावीकडे." म्हणजे रोजचंच असणार. वेत्ये मला सगळ्यात आवडलं. ओहोटी होती, ओल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढे खेकडे काम करत होते, वाळू तोंडात घालायची, त्यातलं खायचं तेवढं काढून घ्यायचं आणि उरलेल्याची मोहरीएवढी गोळी मागे टाकायची. बिळाभोवती त्या गोळ्यांची अगदी रांगोळी होते. पाऊल टाकलं की सगळे गायब, दोन मिनिटं गप्प बसलं की परत चालू. आम्ही तासभर हेच बघत बसलो म्हणून आंबोळगडला पोचेपर्यंत सूर्य टेकला होता, गड धड दिसलाच नाही, एक तोफ दिसली आणि बीचवर अंधार. गगनगिरी महाराजांच्या मठाच्या बाजूने वारा असा की बोललेलं ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी नऊला रत्नागिरीहून होती. पण ती खचलेली वाळू काही डोक्यातून जाईना. आत्या झोपलेली असतानाच निघालो आणि सव्वासहाला परत गावखडीत. काकांनी टोपली उचलली आणि खाली नुसती वळवळ, काळपट, तळहातात मावतील एवढी. पाण्यापासून जरा लांब सोडली. बहुतेक सगळी सरळ लाटेकडे निघाली, एक मात्र सुरूच्या बनाकडे चालायला लागलं. मी वाकलो तर काका म्हणाले, "हात नको लावू, वळेल ते." आम्ही तिघं त्याच्यामागे तीन-चार फुटांवरून चालत होतो. ते थांबायचं, मान वर करायचं, परत चालायचं.

वळलं, पण निवांत. गाडी चुकली.