पावडर पुढे की मागे: ३८ स्पेशलच्या हलक्या लोडची पुढची नोंद

मंडळी, काडतुसं घरी भरताना वापरतो त्या युनिक या धूररहित पावडरवरचा माझा विश्वास या वेळी पुरता हलला. मागच्या नोंदीत ३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) ओतीव एसडब्ल्यूसी (सेमी-वॅडकटर, सपाट टोकाच्या शिशाच्या) गोळीमागे जो हलका लोड, म्हणजे कमी पावडरची भरणी, पक्का केला होता, त्याचे ग्रुप (कागदावरच्या भोकांचे पुंजके) आडवे छान घट्ट येत होते आणि उभे मात्र ताणलेले. पकड बदलून पाहिली, हात टेकवायची जागा बदलली, साइटवर काजळी धरली, काही फरक नाही. शेवटी गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला आणि एकच गोष्ट बदलायची ठरवली. सगळी काडतुसं एकाच खेपेची. अर्ध्या वेळा नळी आधी वर कलवून मग हळूच निशाणावर आणायची, म्हणजे पावडर केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) तळातल्या प्रायमरपाशी, ठिणगी देणाऱ्या टोपीपाशी, बसते. उरलेल्या वेळा आधी खाली कलवून वर आणायची, म्हणजे पावडर गोळीच्या बुडाशी जाते. नळीचं तोंड दोन्ही वेळा मातीच्या बांधाकडेच.

दोन्हींच्या सरासरीत सेकंदाला शंभर फुटांहून जास्त अंतर निघालं! पावडर पुढे गेली की वेग पडतो, आणि गोळी वेगळ्या उंचीवर लागते. उभ्या ग्रुपचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. रिव्हॉल्व्हर टेबलावरून उचलताना नळी साहजिकच खाली झुकलेली असते, म्हणजे आपण रोज नेमकी वाईट स्थितीच वापरतो. त्यात एक बार उडाला की धक्क्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या केसांतली पावडरही जागा सोडते, म्हणून पहिला बार एक सांगतो आणि चौथा दुसरंच.

मूळ दुखणं केसच्या पोकळीत आहे. ३८ स्पेशल १८९८ सालचं, म्हणजे काळ्या पावडरच्या जमान्यातलं. काळी पावडर केस भरून लागायची. धूररहित पावडर तेवढंच काम मूठभराच्या जागी चिमूटभरात करते, आणि हलक्या लोडमध्ये ती केसचा तळ जेमतेम झाकते. वरची सगळी जागा रिकामी. प्रायमरची ज्वाळा थेट ढिगात शिरली तर सगळे दाणे एकदम पेटतात. ढीग गोळीकडे सरकलेला असेल तर ज्वाळा पोकळीतून जाऊन वरवरचे दाणे पेटवते आणि दाब सावकाश चढतो. युनिकला नीट जळायला दाब लागतो, हलक्या लोडमध्ये तो मिळत नाही. त्याची साक्ष सिलिंडर उघडल्यावर मिळते: रिकाम्या केस बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली अर्धवट जळलेली करडी चकती बसलेली, आणि तेवढ्या एका चकतीने सिलिंडर पुरता मिटत नाही. टोकदार काडीने ती उकरून काढावी लागली. मधल्या वजनाच्या लोडमध्ये हीच पावडर इतकी शहाण्यासारखी वागते की तिला सोडवत नाही, म्हणून राग जास्त.

आता तुमच्यापैकी काहींनी सुचवलेले उपाय. चार्जचे (पावडरच्या वजनाचे) आकडे नेहमीप्रमाणे इथे देणार नाही. ते पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातून घ्या, खालच्या आकड्यापासून सुरुवात करा.

पहिला उपाय मॅग्नम प्रायमर. प्रायमर बदलला की लोड नवा समजायचा, म्हणून चार्ज पुन्हा सुरुवातीच्या आकड्यावर आणला. पुढे-मागेचा फरक थोडा आवळला, पण कागदावर ग्रुप सुधारला नाही. सोडून दिला.

दुसरा उपाय क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळणं. रोल क्रिंप गोळीच्या खाचेत नीट वळवला की गोळी क्षणभर जास्त अडते, तेवढ्यात दाब चढतो. याने खरंच फरक पडला आणि न जळलेल्या चकत्या कमी झाल्या. पण क्रिंप म्हणजे शेवटचा हात. खरी पकड केसच्या भिंतीची हवी, आणि ती तपासायला हातोडा-पुलरने काही गोळ्या उपसल्या तेव्हा या नोंदीतला सगळ्यात गोड शोध लागला. ०.३५८ इंच व्यासाला साइझ केलेली गोळी केसमधून बाहेर आली तेव्हा बुडाशी ०.३५६५ भरत होती! काडतूस भरायच्या डायसोबतचा एक्स्पँडर, म्हणजे केसचं तोंड रुंदावणारा दांडा, तांब्याच्या जॅकेटवाल्या ०.३५७ गोळ्यांसाठी घडवलेला असतो. मऊ ओतीव गोळी घट्ट केसमध्ये दाबली की केस फुगत नाही, गोळीच आवळली जाते. मग ती सिलिंडरच्या थ्रोटमध्ये (पुढच्या तोंडात) सैल बसते, गरम वायू कडेने निसटतात आणि फोर्सिंग कोनपाशी, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या निमुळत्या भागापाशी, शिसं धरतं. ओतीव गोळ्यांसाठीचा थोडा जाड एक्स्पँडर बसवला आणि फोर्सिंग कोनमधला तो चिवट राखाडी थर गेला. ब्रशला आता नुसती काजळी येते. ज्यांच्याकडे थ्रोट बरोबर, गोळी बरोबर आणि तरी शिसं धरतं, त्यांनी आधी एक भरलेली गोळी उपसून मोजा. वेगातला फरक मात्र याने जेमतेमच कमी झाला.

शिशाचा विषय निघालाच आहे तर मिश्रधातूबद्दल. ब्रिनेल कडकपणाला १४२२ ने गुणलं की गोळीचं बूड पसरून नळीच्या खाचा भरायला साधारण किती पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब लागेल याचा ढोबळ अंदाज येतो. हा नियम अंदाजापुरताच, पण डोळे उघडतो. गाडीच्या चाकाला लावायच्या शिशाच्या वजनांचं, क्लिप-ऑन व्हील वेटचं मिश्रण सुमारे १२ ब्रिनेल, म्हणजे १७,००० च्या आसपास. साध्या ३८ स्पेशलची सामीची (अमेरिकेतल्या दारूगोळा मानक संस्थेची) कमाल मर्यादाही १७,००० च आहे. मग आपल्या हलक्या लोडमध्ये ती गोळी पसरणार कशी? एकास वीस कथील-शिसं सुमारे १० ब्रिनेलचं, म्हणजे १४,००० च्या जवळ. छपाईच्या खिळ्यांचं कडक लायनोटाइप तर या कामाला अगदीच नको. हलक्या लोडला मऊ गोळी आणि अचूक माप, कडकपणाच्या मागे लागू नका. बाजारात ‘हार्डकास्ट’ नावावर गोळ्या खपतात त्या ३५७ मॅग्नमच्या पूर्ण दाबाला ठीक, ३८ च्या कागदी निशाणाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा उपाय पावडरच बदलणे, आणि इथे बराच वेळ गेला. २३१ (एचपी-३८ म्हणजे तीच पावडर, डबा वेगळा) मेझरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या साधनातून) पाण्यासारखी पडते. युनिकच्या मोठ्या चकत्या कापल्या जाताना मेझरच्या दांड्याला करकर जाणवते आणि चार्ज मागेपुढे होतो. २३१ चे चपटे बारीक दाणे तसे त्रास देत नाहीत. मी मेझरने टाकलेले दहा चार्ज, म्हणजे दहा थ्रो, एकत्र तोलून दहाने भागतो. छोट्या चार्जमध्ये एकेक थ्रो तोलण्यापेक्षा यातून मेझरचा स्वभाव लवकर कळतो. तोलायला दांडीचा तराजूच. स्वस्त इलेक्ट्रॉनिक काटे गरम झाले की शून्य सोडतात. २३१ ने पुढे-मागेचा फरक जवळपास निम्म्यावर आणला, जळतेही स्वच्छ. पण निम्मा फरक म्हणजे फरक आहेच.

बुल्सआय त्याहून बरी निघाली. जुनी, वेगवान पावडर, ३८ च्या निशाणेबाजांनी पिढ्यानपिढ्या वापरलेली. थोड्या दाबातही पूर्ण जळते, त्यामुळे पुढे असो वा मागे, तिला कमी फरक पडतो. भीती एकच, डबल चार्जची. चार्ज इतका छोटा की दुप्पट पडला तरी केस भरत नाही आणि वरून चटकन लक्षात येत नाही. म्हणून पन्नास केसांचा ट्रे भरला की बाजूला दिवा धरून प्रत्येक केसमध्ये डोकावून पाहायचं, आणि मगच गोळी बसवायची. हे करताना बोलणं, फोन काही नाही. डबल जितका घातक तितकाच शून्य चार्जही. आवाज फुसका आला की थांबा, सिलिंडर रिकामा करा, नळीत दांडा घालून बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फुटते.

टाइटग्रुप पावडर केसमधल्या जागेला दाद देत नाही अशी तिची ख्याती, आणि माझ्या क्रोनोग्राफवर ते खरं ठरलं: पुढे-मागेचा फरक सगळ्यात कमी. पण ती तापट आहे. गोळीच्या बुडाजवळचं ल्यूब (वंगण) तिच्यासमोर तग धरत नाही, धूर जास्त. हा धूर बहुतेक ल्यूबचाच, पावडरच्या नावाने उगाच बोटं मोडली जातात. पावडर कोटिंगवाल्या (प्लास्टिकसारखा लेप भाजलेल्या) गोळ्यांमागे ती जास्त शोभेल. मेणमाश्यांचं मेण आणि ॲलॉक्स निम्मे-निम्मे असलेलं माझं ल्यूब मी सोडणार नाही, म्हणून टाइटग्रुप सध्या कपाटात.

ट्रेल बॉस ही पावडर असती तर ही नोंद लिहायचीच वेळ आली नसती. मेदुवड्यासारखे मधे भोक असलेले दाणे, छोट्या वजनात केस भरून टाकणारे. पोकळी उरत नाही, डबल लगेच दिसतो. उत्पादन बंद झालं आणि उरलेले डबे लोक जपून वापरतात. एका विक्रेत्याने शिल्लक असल्याचं सांगून ऑर्डर घेतली आणि नंतर भलत्याच पावडरचा डबा ‘तसलाच आहे’ म्हणत पाठवला. पावडरच्या बाबतीत ‘तसलाच’ असं काही नसतं. डबा न उघडता परत केला.

नव्या मंडळींपैकी काहींना एच११० या पावडरचा उरलेला डबा कमी करून हलक्या लोडला वापरायचा मोह होतो. अजिबात नको. एच११० आणि डब्ल्यू२९६ एकच, आणि ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतः सांगते की तक्त्यातला चार्ज ३ टक्क्यांपेक्षा जास्त खाली आणायचा नाही. ती मॅग्नमच्या भरल्या केसची पावडर. पोकळी ठेवली तर नीट पेटत नाही, गोळी अडकू शकते. केसमध्ये कापूस किंवा रवा घालून पोकळी भरायची जुनी युक्तीही मी करत नाही, त्याने दाब कसा बदलेल याचा भरवसा नाही.

तर ठरवलं होतं बुल्सआय आणि एसडब्ल्यूसी असंच पुढे न्यायचं. पण हे लिहिता लिहिता उपसलेली एसडब्ल्यूसी गोळी समोर पडली आहे, आणि तिच्याकडे बघून वाटतंय की पावडरने पोकळी भरण्याऐवजी गोळीनेच का भरू नये? फुल वॅडकटर, म्हणजे पूर्ण दंडगोल गोळी, केसच्या तोंडाशी सपाट बसते, तिचं सगळं अंग केसच्या आत. पोकळी बरीच घटते, पावडरला पुढे पळायला जागाच राहत नाही. पोकळी घटली की त्याच चार्जचा दाब वाढतो, म्हणजे एसडब्ल्यूसीचा आकडा चालणार नाही, वॅडकटरचाच तक्ता लागेल. आणि केसची भिंत तळाकडे जाड होत जाते. खोल बसणाऱ्या वॅडकटरचं बूड तिथे आवळलं गेलं तर वर सांगितलेलं ०.३५६५ चं रडगाणं पुन्हा सुरू. म्हणजे लांब एक्स्पँडरही हवा.

त्यामुळे बेत बदलला. एसडब्ल्यूसी साच्याला विश्रांती, १४८ ग्रेनचा डबल एंडेड वॅडकटर साचा मागवतोय, दोन्ही टोकं सारखी असल्याने बसवताना उलटसुलटची चिंता नाही. गोळ्या एकास वीसच्याच, ०.३५८ ला साइझ केलेल्या. पावडर आधी बुल्सआय, मग २३१, दोन्हींची नळी वर-खाली चाचणी याच पद्धतीने. युनिकचा डबा ३५७ च्या केसमधल्या मध्यम लोडसाठी राखून ठेवलाय. कुणी फुल वॅडकटरची गोळी उपसून बूड मोजलं असेल तर कोणत्या केसमध्ये किती भरलं ते जरूर कळवा, त्यावरून एक्स्पँडरची लांबी ठरवता येईल.