वडिलांचा रकाना कोरा असतो तेव्हा

इंग्लंडमधल्या जुन्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ दिसली की बरेच जण तडक वाय-डीएनए टेस्ट (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची) मागवतात. तसं करू नका. आधी ऑटोसोमल (आई-वडील दोघांकडून येणाऱ्या डीएनएची), मग वाय.

अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर १८७५ पासून वडिलांचं नाव चढायचं ते वडील स्वतः हजर राहून सही करणार असतील तरच. एरवी मूल आईचंच आडनाव लावायचं. त्यामुळे वाय टेस्टमध्ये आपल्याच आडनावाचे मॅच, म्हणजे डीएनए जुळणारी माणसं, शोधण्यात अर्थ नसतो. मुलाचं मधलं नाव मात्र निरखून बघा. आईच्या घराण्यात कुठेच नसलेलं आडनाव तिथे बसवलेलं असेल, तर ते बहुधा वडिलांचं असतं.

घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची लाळ आधी घ्या. पणजोबांकडून सरासरी १२.५ टक्के डीएनए येतो, खापरपणजोबांकडून ६.२५. म्हणजे तुमच्याऐवजी तुमच्या वडिलांची किंवा आत्याची टेस्ट केली की हाती दुप्पट माल लागतो. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणंपिणं बंद, आणि नळीवरच्या खुणेपर्यंत लाळ हवी, फेस धरायचा नाही.

रिझल्ट आला की ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधले (हे जुळणाऱ्या डीएनएचं माप) मॅच घ्या आणि जे एकमेकांचेही मॅच आहेत त्यांना एकच रंग द्या. साधारण चार रंग पडतात, आजी-आजोबांच्या चार घराण्यांचे. ओळखीची घराणी बाजूला काढा. ज्यांचा मेळ कुठेच लागत नाही, तोच आपला गट. या गटातल्या प्रत्येकाची वंशावळ तुम्हालाच वरपर्यंत बांधावी लागते. जीआरओच्या (तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या) ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव मिळतं, त्यानं हे काम खूप सोपं होतं. अनोळखी गटात दोन वेगळी घराणी सापडली आणि त्या दोघांमध्ये एक लग्न झालेलं दिसलं, तर समजा घर सापडलं. त्या जोडप्याचा एखादा मुलगा हाच तुमचा माणूस.

पण कुठला? खरी कसोटी इथे आहे, आणि इथेच लोक घाईनं नाव लिहून मोकळे होतात. सख्ख्या भावांचा वाय सारखाच असल्यामुळे वाय टेस्ट इथे काही सांगू शकत नाही. भावांच्या आजच्या वंशजांची ऑटोसोमल टेस्ट करावी लागते. समजा टेस्ट देणारी व्यक्ती त्या अज्ञात पुरुषाची पणती आहे. त्याच्या लग्नाच्या बायकोपासूनच्या पणतवंडांशी तिचे सरासरी १२० सेंटिमॉर्गन जुळतात, तर त्याच्या भावाच्या पणतवंडांशी सरासरी ७३. दोन्हींचे पल्ले एकमेकांत चांगलेच शिरतात, तेव्हा एका मॅचवर निकाल देऊ नका. प्रत्येक भावाकडचे निदान दोन-तीन वंशज हवेत. दुसरी चूक म्हणजे नातं सावत्र आहे, पणजोबा एकच पण पणजी वेगळी, हे विसरणं. पूर्ण नात्याचा आकडा, इथे २२९, धरून बसलात तर खरा माणूस ‘फार लांबचा’ म्हणून हातचा जातो. खेड्यात नात्यातच लग्नं झालेली असतील तर आकडे उलट फुगतात.

घर ठरल्यावर वायचा उपयोग पडताळणीला होतो. त्यासाठी दोन्हीकडून मुलामुलातून न तुटता आलेला पुरुष लागतो. १२ किंवा २५ मार्करची (वायवरच्या तपासायच्या जागांची) टेस्ट घेऊ नका. इंग्लंडमध्ये आर-एम२६९ हा वायचा गट इतका पसरलेला आहे की तेवढ्या मार्करवर शेकडो परके लोक जुळतात. निदान ३७ घ्या, जमलं तर १११.

भावांपैकी एक ठरवायला कागदही लागतात. मूल १८७१ च्या शेवटी जन्मलं असेल, तर २ एप्रिल १८७१ च्या जनगणनेत कुठला भाऊ आईच्या गावात होता ते बघा. कौंटी रेकॉर्ड ऑफिसात पेटी सेशन्सची (स्थानिक छोट्या कोर्टांची) दप्तरं टिकली असतील, तर पोटगीच्या हुकमात नाव थेटही मिळतं.