युवराज कधी येणार?

कोनिगग्रेट्झची (हे गाव आजच्या चेकियात आहे) लढाई ३ जुलै १८६६ रोजी झाली. सकाळी प्रशिया या जर्मन राज्याच्या दोन सैन्यांनी ऑस्ट्रियनांवर समोरून हल्ला केला आणि तो अडला. दुपारी प्रशियाच्या युवराजाचं आणखी एक सैन्य उत्तरेकडून येऊन ऑस्ट्रियनांच्या उजव्या बगलेवर कोसळलं, आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागला. या लढाईवर वॉरगेम, म्हणजे पटावरचा युद्धखेळ, करायला घेतला तेव्हा सहा महिने पुरतील असा माझा हिशोब होता. लागली साडेतीन वर्षं. त्यातलं जवळजवळ दीड वर्ष एकाच प्रश्नाने खाल्लं: युवराज येणार हे दोन्ही खेळाडूंना घरूनच ठाऊक असतं, त्याचं काय करायचं?

सांगाडा उभा करणं त्यामानाने सोपं गेलं. आक्रमकाची ताकद भागिले बचाव करणाऱ्याची ताकद, मग फासा, मग निकालाचा तक्ता, ही रीत चार्ल्स रॉबर्ट्सच्या १९५४ सालच्या 'टॅक्टिक्स' या खेळापासून चालत आलेली. नकाशावरची षटकोनी घरं त्यांच्याच कंपनीने १९६१ मध्ये आणली. मी दोन्ही निमूट उचलली आणि पहिल्याच चाचणीत पस्तावलो. या तक्त्यात अपूर्णांक बचावाच्या बाजूने सोडतात, म्हणजे ११ विरुद्ध ४ हे तीनास एक होत नाही, दोनास एकच राहतं. मग माणसं तो बारावा गुण शोधत अर्धा अर्धा तास नकाशावर वाकून बसतात. तलवारी राहिल्या बाजूला, सगळे वाणसामानाची यादी जुळवताहेत असं दृश्य.

म्हणून भागाकार काढून टाकला आणि दोन फासे घेतले. तिथे वेगळीच चूक केली. प्रशियन सैनिकाकडे मागून भरायची सुईबंदूक होती, ती झोपल्या झोपल्याही भरता येई. ऑस्ट्रियनाची बंदूक तोंडाकडून भरायची, पण पल्ला लांबचा. मी सुईबंदुकीला दानात सरसकट अधिक एक दिला. पण दोन फाशांवर अधिक एकची किंमत सगळीकडे सारखी नसते. सात किंवा जास्त हवे असतील तर ३६ पैकी २१ दानं चालतात, अधिक एक मिळाला की २६. अकरा किंवा जास्त हवे असतील तर ३ दानं, आणि अधिक एकने ६, म्हणजे थेट दुप्पट. परिणामी माझ्या खेळात प्रशियन पायदळ अशक्यप्राय हल्ल्यांत चमत्कार करू लागलं आणि साध्या चकमकीत जेमतेम उठून दिसायचं. हे ध्यानात यायला चार महिने लागले, कारण मी शक्यता मोजण्याऐवजी 'वाटतंय कसं' यावर चाललो होतो.

आता युवराज. ऑस्ट्रियाच्या बाजूने बसलेल्या मित्राने पहिल्याच चालीत दोन कोअर (कोअर म्हणजे अनेक ब्रिगेडची मोठी तुकडी) उत्तरेकडे तोंड करून उभे केले आणि हाताची घडी घातली. ऐतिहासिक लढाईत नेमके हेच दोन कोअर स्वीपवाल्डच्या जंगलात एका प्रशियन डिव्हिजनच्या मागे ओढले गेले आणि बगल उघडी पडली. "तू जंगलात का जात नाहीस?" मी विचारलं. "मला वेड लागलंय का?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

पहिला उपाय म्हणून जंगलाला विजयगुण लावले. ही सरळ लाच झाली. माणसं जंगलात जायची खरी, पण लढायला नव्हे, गुण गोळा करायला. दुसरा उपाय, ऑस्ट्रियन खेळाडूला काही चाली उत्तरेकडे वळायला बंदी. हा त्याहून वाईट. हातपाय बांधून वर 'आता सेनापती हो' म्हणायचं.

वाट सापडली ती क्रीगश्पील या जुन्या प्रशियन युद्धखेळाकडे बघताना. १८२४ मध्ये लेफ्टनंट फॉन राइसविट्झने छापलेल्या त्या नियमांत मध्ये एक पंच असतो आणि खेळाडूला तेवढंच कळतं जेवढं पंच सांगतो. कोनिगग्रेट्झला प्रशियाचं सैन्य चालवणारा मोल्टके स्वतः या खेळाचा मोठा पुरस्कर्ता. माझ्याकडे पंच नव्हता, मग पंचाचं काम एका कपाला दिलं. युवराजाला निघायचा आदेश रात्रीतून घोडेस्वाराकरवी गेला होता. तो पोहोचला नसता तर? कपात चकत्या घातल्या: लवकर, वेळेवर, उशिरा, आणि एक चकती 'आज नाही'. दर तासाच्या चालीला एक चकती पालथीच काढून बाजूला ठेवायची, ठरावीक चालीनंतरच उलटायची. आता ऑस्ट्रियन खेळाडूला समोरची डिव्हिजन चिरडून दिवस जिंकण्याची खरीखुरी आशा होती. तोच मित्र तिसऱ्या चालीत जंगलात शिरला. मी आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही; डिझायनरने चाचणीत तोंड मिटून बसायचं असतं.

तोंड मिटण्याची खरी परीक्षा पुढे. आंधळ्या चाचणीत नियमपुस्तिका परक्या लोकांच्या हाती द्यायची आणि खोलीतच थांबायचं नाही. त्यांनी पाठवलेल्या ध्वनिमुद्रणात दोघे जण वीस मिनिटं 'लगतचं घर' या शब्दावर वाद घालत होते. पुस्तिका सात वेळा लिहिली. 'शकतो' आणि 'लागतो' यांतला फरक मला त्याआधी कळतच नव्हता म्हणा ना.

प्रकाशकाने खेळ घेतला तो आगाऊ मागणीच्या अटीवर. ही पद्धत जीएमटी गेम्सच्या पी५०० मुळे सगळ्यांना ठाऊक आहे: साधारण पाचशे जणांनी नोंद केली की छपाईचा विचार. आमचा आकडा गाठायला चौदा महिने गेले. दरम्यान एक डेव्हलपर नेमला गेला. डिझायनर खेळ जन्माला घालतो आणि डेव्हलपर त्याला शाळेत घालतो, असं समजा. त्याचं पहिलं पत्र एका ओळीचं होतं: काउंटर (पुठ्ठ्याच्या सोंगट्या) २३१ आहेत, पुठ्ठ्याच्या एका पत्र्यावर १७६ मावतात. दुसरा पत्रा म्हणजे कापायचा दुसरा साचा, जाड खोका, जास्त वजन. मी आठवडाभर रुसलो, मग घोडदळाच्या ब्रिगेड एकत्र केल्या. खेळ सुधारला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. साचा कापताना थोडा सरकतोच, म्हणून आकडे कडेपासून आत घ्यायला लावले तेही त्यानेच.

शेवटच्या फेरीत पुस्तिकेचं पान वाचवायला मी एक वाक्य उडवलं: कपातल्या सगळ्या चकत्या संपल्या तर काय करायचं. असं कधी होणारच नाही, अशी माझी खात्री होती. खोके पोहोचल्यावर नवव्या दिवशी पहिलं पत्र आलं. फोटोत टेबलावर रिकामा कप, जंगलात ऑस्ट्रियन, आणि खाली प्रश्न: "आता?"

शुद्धिपत्राची पहिली ओळ तीच आहे.