टाकीवरचं नाव

आमच्या बेळगावात एखादी जुनी येझदी मोटरसायकल रस्त्यानं गेली की चहाच्या गाड्यावरची माणसं बोलणं सोडून वळून बघतात, आणि त्यातला एकजण तरी सांगतोच की आमच्याकडं पण होती, विकायला नको होती. नवी येझदी गेली तर कॉलेजची पोरं बघतात, म्हातारे टाकीवरचं नाव वाचतात आणि परत बशीत चहा ओततात. बंद पडलेला ब्रँड उठवायचा म्हणजे खरी भानगड ही आहे, कौतुक करणारा एक आणि पैसे मोजणारा भलताच.

गाडी तशी आपल्याच राज्यातली (कुठलं राज्य आपलं तो वाद आज नको). म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा ह्या झेक कंपनीच्या लायसनवर गाड्या निघायच्या, सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी आलं, मग हिरो होंडासारख्या थेंबाथेंबानं पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या, प्रदूषणाचे नियम आले, आणि 1996 ला कारखान्याला कुलूप. पण गाड्या मेल्या नाहीत हो, कारण त्या मिस्त्रीच्या हातातल्या होत्या. उद्यमबागेच्या बाजूचा आमचा मिस्त्री अजून जुन्या येझदी रोडकिंगचं कव्हर काढतो, ठिणगी सांभाळणाऱ्या पॉइंटवरनं पॉलिश पेपर फिरवतो, फिलर गेज घालून गॅप बघतो, कानानंच टायमिंग जुळवतो. बुश गेला तर शेजारच्या लेथवर करून आणतो, सिलिंडर घासला तर बोअरिंग आणि ओव्हरसाइज पिस्टन, झालं. किक मारायची, तोच दांडा पुढं वळवायचा आणि त्यानंच गिअर टाकायचे, हे नव्या माणसाला दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो बघण्यासारखा.

त्याच मिस्त्रीसमोर नवी गाडी उभी केली तर तो भोवतीनं एक चक्कर मारून म्हणाला, "ह्याला मी काय करू गा, स्क्रू फिरवायला जागाच ठेवली नाही की!"

आता कंपनीनं तरी काय करावं? क्लासिक लेजेंड्सनं, म्हणजे महिंद्राचा मोठा हिस्सा आणि सोबत म्हैसूरचा कारखाना उभारणाऱ्यांपैकी रुस्तम इराणींचा मुलगा बोमन इराणी, नोव्हेंबर 2018 ला जावा परत आणली आणि जानेवारी 2022 ला येझदी. गाड्या निघतात मध्य प्रदेशात पिथमपूरला. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर बीएस-6 सारख्या प्रदूषणाच्या नियमांत बसणार कसा, म्हणून फोर-स्ट्रोक इंजिन, जावाला सुरुवातीला 293 सीसीचं आणि येझदीला 334 सीसीचं, त्याला रेडिएटर, एबीएस, सगळं. आवाज तर तो येणारच नाही. मग ओळख ठेवायला एका सिलिंडरला दोन सायलेन्सर तसेच ठेवले. लोकांनी सुरुवातीला एवढं बुकिंग केलं की काही महिन्यांचा माल आधीच संपला आणि गाडीची वाट बघत बसायची वेळ आली, आता वाट बघणाऱ्याचं प्रेम किती दिवस टिकतं ते लग्न जमवणाऱ्यांना विचारा.

नावाचं तर विचारूच नका. वाटणी न झालेल्या घराच्या उताऱ्यासारखं प्रकरण. डिसेंबर 2022 ला कर्नाटक हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी येझदी हे नाव बंद पडलेल्या कंपनीचीच मालमत्ता ठरवली, त्यावर मग अपील. इकडं गाडी शोरूममध्ये होती आणि तिकडं तिचं नाव कोर्टात.

बुलेटवाल्यांचं बरं, ते बंदच पडले नाहीत. त्यांनीही गिअर उजवीकडचा डावीकडं नेला, बिडाचं जुनं इंजिन काढून टाकलं, तेव्हा आमच्याकडचे जुने बुलेटवाले शिव्या घालत होते आणि शिव्या घालत घालतच पोराला नवी घेऊन देत होते. कारण मधे डीलर होता, पार्ट मिळत होता, मिस्त्री हळूहळू नवं शिकत होता. वीस-पंचवीस वर्षांची फट पडली की हे सगळं शून्यातनं उभं करावं लागतं आणि त्याला क्रोमचा उपयोग नाही. माझं तर मत आहे की एखादा सायलेन्सर कमी दिला असता तरी चाललं असतं, पण निपाणी-खानापूरच्या गॅरेजमधल्या पोरांनाही ट्रेनिंग आणि बिघाड शोधणारा स्कॅनर द्यायला पाहिजे.

परवा एका मित्राच्या घरी हाच विषय निघाला, पोराला नवी येझदी घ्यायची आहे. बाप विचारतोय, "आवाज तसाच येतोय काय रे?" आणि पोरगा विचारतोय, "काका, क्लच प्लेट गेली तर गाडी किती दिवस सर्व्हिस सेंटरात पडून राहते?"