काळूची लाल तार: आतल्या कॅरॉटिडचा पत्ता लागला

मंडळी, लाल तारेचा निकाल लागला. (नव्यांसाठी: काळू म्हणजे माझ्याकडची बोकडाची कवटी. तिच्या छिद्रांतून कोण जातं ते तारांनी दाखवते आहे, नर्व्हना पिवळी, शिरांना निळी, धमन्यांना लाल.) काळूच्या कवटीत तिच्यासाठी भोक नाही. सापडलं नाही असं नव्हे, ते नसतंच.

मागच्या नोंदीत पिवळ्या तारा जवळजवळ संपवल्या होत्या. मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्हपैकी पहिली सोडून दिली होती, कारण चाळणीसारख्या एथमॉइड पत्र्यातून तार घालण्याचा अट्टहास कुणीच करू नये. बाकी दुसरीपासून बारावीपर्यंत सगळ्या मार्गी लागल्या होत्या. निळीही एक बसली होती, डोळ्याच्या वरच्या सुप्राऑर्बिटल छिद्रातून, कारण रवंथ करणाऱ्यांत तिथून कपाळाची शीर जाते. राहिली होती एकच लाल, आतली कॅरॉटिड. मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी, तिच्यासाठी चांगलं ठसठशीत दार असेल अशी अपेक्षा होती.

आपण बहुतेक जण कुत्र्याच्या आकृत्यांवरून छिद्रं शिकलो, कारण पुस्तकांत त्याच सर्वांत सुबक असतात. कुत्र्यात ही धमनी कानाच्या फुग्याच्या, म्हणजे टिंपॅनिक बुलाच्या, आतल्या कडेने स्वतःच्या नळीत शिरते, लॅसेरम नावाच्या छिद्रापाशी एक वळसा बाहेर काढते आणि पुन्हा आत जाते. काळूला उलटा करून तोच मार्ग शोधत होते. बुला सापडतो. त्याच्या मागे जुग्युलर फोरामेन (फोरामेन म्हणजे छिद्र) सापडतं, नववी, दहावी आणि अकरावीच्या तारा तिथेच आहेत. त्याच्या पुढे बुला आणि कवटीचा तळ यांच्यामध्ये एक अरुंद फट दिसते आणि तार तिच्यातून निमूटपणे आत जाते. इथेच हात थांबला. तार जाते म्हणून ती वाट ठरत नाही.

फटीची कड खडबडीत आहे. खऱ्या नळीचं तोंड गुळगुळीत असतं, ओठ गोल असतात, कारण तिथून जाणारी गोष्ट जन्मभर तिथे असते आणि हाड तिच्याभोवती वाढतं. मग दिवाळीच्या माळेतला एक बारीक एलईडी मॅग्नममधून, म्हणजे मानेकडच्या मोठ्या भोकातून, आत सोडला आणि खोलीत अंधार केला. ओव्हेल, ऑप्टिक, हायपोग्लॉसल ही छिद्रं सगळी स्वच्छ ठिपक्यांसारखी उजळली. फटीतून मात्र लांबच लांब फाटकी रेघ आली. (ही एलईडीची युक्ती जरूर करून बघा. महागड्या यूएसबी एंडोस्कोपपेक्षा लाखपटीने बरी. त्या कॅमेऱ्याचं डोकं साडेपाच मिलिमीटरचं असतं, ते बोकडाच्या कुठल्या भोकात घालणार?) जिवंत प्राण्यात अशा फटी तंतुमय कूर्चेने बुजलेल्या असतात. आपण मुंडी पाण्यात मुरवतो तेव्हा कूर्चा विरघळून जाते आणि फट मोकळी होते. कोरडी कवटी दोन्हीकडून चकवते: जिथे दार नव्हतं तिथे दार दाखवते, आणि जिथे एकाच दारातून पाचसात जण जात होते तिथे एकच भोक दाखवून गप्प बसते.

हे सगळं एका पशुवैद्य मैत्रिणीला फोनवर ऐकवलं. ती हसलीच. "अगं, मोठ्या बोकडात ती धमनी शोधतेस कशाला? असते कुठे ती!"

तिने सांगितलं ते असं. करडू जन्मतं तेव्हा आतली कॅरॉटिड असते. पुढे कवटीबाहेरचा तिचा भाग आटत जातो आणि मोठ्या शेळीत त्याची नुसती तंतुमय दोरी उरते. मेंढीत आणि गायीम्हशींतही तसंच. मग मेंदूला रक्त येतं कुठून? बाहेरच्या कॅरॉटिडचा जो मोठा फाटा जबड्याकडे जातो, मॅक्सिलरी, त्याच्या फांद्या मागून ओव्हेलमधून आणि पुढून डोळ्याच्या खोबणीतल्या ऑर्बिटोरोटंडम छिद्रातून कवटीत शिरतात. आत पिट्युटरी ग्रंथीच्या बाजूला त्यांचं बारीक बारीक वाहिन्यांचं दाट जाळं होतं, रेटे मिराबिले. जाळ्यातून पलीकडे पुन्हा एक धमनी तयार होते आणि तीच मेंदूकडे जाते.

म्हणजे माझी लाल तार ज्या भोकांतून जायला हवी होती, त्यांत पिवळ्या तारा आधीच जाऊन बसल्या होत्या.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे कळलं तेव्हा मात्र दाद द्यावीशी वाटली. हे जाळं शिरांच्या रक्ताने भरलेल्या एका पोकळीत बुडालेलं असतं आणि त्या पोकळीत नाकाकडून थंड झालेलं रक्त येतं. धमनीतलं गरम रक्त मेंदूत जाण्याआधी तिथे निवतं. मेंढ्यांवर आणि आफ्रिकेतल्या हरणांवर 1960 आणि 70 च्या दशकांत मोजमापं झाली, त्यांत मेंदू बाकी शरीराच्या रक्तापेक्षा थंड राहतो हे दिसलं. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात चरणाऱ्या उस्मानाबादी शेळीच्या डोक्यात हे चालू असतं. आता नाकातल्या त्या कागदासारख्या पातळ गुंडाळ्यांकडे, टर्बिनेट्सकडे, मी वेगळ्या नजरेने बघते. थंडावा तिथूनच येतो. मुंडी उकळून साफ करणाऱ्यांच्या त्या पहिल्या झटक्यात तुटतात, म्हणून पुन्हा सांगते: उकळू नका. उकळल्याने चरबी हाडात मुरते ते वेगळंच.

या जाळ्याने मोठमोठ्यांना चकवलंय. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने जनावरं चिरून ते पाहिलं आणि माणसातही आहे असं लिहून ठेवलं. माणसात ते नाही, आपल्याकडे आतली कॅरॉटिड धडधाकट आहे आणि तिला कवटीत स्वतःची नळी आहे. तरी हजारावर वर्षं ते माणसात आहे असंच शिकवलं गेलं. 1543 साली व्हेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने ते खोडून काढलं, आणि आपणही पूर्वी विद्यार्थ्यांना जाळं दाखवायला माणसाच्या डोक्याशेजारी कोकराचं किंवा बैलाचं डोकं ठेवत असू, हेही लिहिलं. कुत्र्याची आकृती बोकडावर लादणं आणि बोकडाचं जाळं माणसावर लादणं, एकाच जातीचा उद्योग.

आता कामाचं. ऑर्बिटोरोटंडममध्ये गर्दी झाली आहे. कुत्र्यात ऑर्बिटल फिशर आणि रोटंडम अशी दोन वेगळी भोकं असतात, रवंथ करणाऱ्यांत आणि डुकरात दोन्ही मिळून एक. तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीच्या दोन फांद्या आधीच त्यात होत्या, वर आता लाल जुडगा. टेलिफोनच्या जुन्या केबलमधली तार आजवर मला सर्वांत आवडत होती, कारण रंग आयते मिळतात आणि वाकवली की तशीच राहते. पण इन्सुलेशनमुळे ती जाड होते आणि पाच तारा गेल्यावर सहावीला जागा उरत नाही. म्हणून त्या भोकातल्या सगळ्या पिवळ्या काढल्या आणि भरतकामाचा रेशमी धागा घातला. चौथी नर्व्ह तशीही सगळ्यांत नाजूक, तिला एकच पदर. लालसाठी तपकीर गल्लीतून मोटर वाइंडिंगची 30 नंबरची तांब्याची तार आणली, तिचा रंगच लालसर असतो. तिथल्या दुकानदाराने पावशेराखाली देत नाही म्हणून बजावलं, त्यामुळे ज्यांना हवी त्यांनी सांगा, माझ्या नातवंडांनाही पुरेल.

धागा लोंबतो, ढकलता येत नाही. त्याला उपाय सापडलाय आणि त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे: व्हॅक्यूम क्लीनर. बाकी भोकांना कणकेचे गोळे लावायचे, ज्यातून धागा बाहेर हवा तिथे नळीचं तोंड धरायचं, आणि दुसरीकडून धाग्याचं टोक सोडायचं. सुळकन येतो. नळीवर नायलॉनचा जुना मोजा ताणून बसवा, नाहीतर धागा पिशवीत. डोळ्याखालच्या इन्फ्राऑर्बिटल नळीत पुढून तार घालून सगळेच कंटाळले होते ना? ती अडते कारण तळाला दातांच्या मुळांकडे जाणारी बारीक छिद्रं आहेत आणि टोक त्यांत शिरतं. मागून, मॅक्सिलरी फोरामेनकडून, धागा सोडला तर गालाकडे ओढला जातो. तंगूसही चालतो, टोक काडीने वितळवून मणी करा, म्हणजे कुठे रुतत नाही. एवढं मात्र जपा: ऑर्बिटच्या, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या, तळाशी लॅक्रिमल बुला नावाचा फुगा आहे, त्याची भिंत अंड्याच्या टरफलाहून पातळ. काळूचा डावा शाबूत आहे, उजव्याबद्दल बोलायला नको.

सांगायचं हे होतं की लाल तारांनी कवटी पूर्ण करून पुढच्या वेळी फोटो टाकेन. पण लिहिता लिहिता वाटतंय की तारा हा तोडगाच अपुरा आहे. जाळं तारांनी दाखवता येत नाही, आणि जाळं नसेल तर लाल तार आत जाऊन संपते कुठे? त्यापेक्षा ताज्या मुंडीच्या मानेतल्या धमनीतून रंगीत लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, सोडलं तर? ते आत घट्ट होईल, नंतर मुंडी नेहमीसारखी पाण्यात मुरवायची. मांस जाईल, लेटेक्स राहील, आणि ते ज्या भोकांतून आत शिरलं ती भोकं स्वतःच दाखवेल. आधी कोमट पाण्याने धमनी धुवावी लागेल, नाहीतर रक्ताच्या गाठी वाट अडवतील. थंडीत मुरायला महिने जातात, म्हणून उन्हाळा लागला की सुरुवात करावी.

त्यासाठी मुंडी मान राखून हवी, आणि इथेच खरी अडचण. आपल्याकडे मुंडी भाजतात आणि भेजा काढायला फोडतात. मी खाटीकमामांना म्हटलं, "मामा, मुंडी फोडू नका, भाजू नका, आणि मान वीतभर ठेवा." ते म्हणाले, "ताई, मग खाणार काय?" आता ठरलंय, आदल्या दिवशी सांगायचं आणि मानेच्या मांसाचेही पैसे द्यायचे. रास्त आहे.

हाड पांढरं करण्याबद्दल पुन्हा विचारणा झाली. हायड्रोजन पेरॉक्साइड, 20 व्हॉल्यूम, म्हणजे साधारण 6 टक्के. घरातलं ब्लीच अजिबात नको, ते हाडच खातं आणि आधी बळी जातात त्या छिद्रांच्या पातळ कडा. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला पाठवलेली बाटली इतकी शिळी होती की हाडावर बुडबुडासुद्धा आला नाही. जवळच्या केमिकलच्या दुकानातून ताजी घ्या, अंधारात ठेवा, झाकण घट्ट पिळू नका.

मेंढीची कवटीही शेजारी साफ होऊन बसली आहे, दख्खनी. दोघांत पटकन ओळखायचं तर डोळ्याच्या पुढे बघा: मेंढीला तिथे अंगठा टेकेल असा खळगा असतो, शेळीला नाही. कपाळ आणि मागचं हाड यांची शिवण मेंढीत कोन करून पुढे येते, शेळीत जवळजवळ सरळ जाते. जनावरांच्या हाडांचा अभ्यासक बोसनेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये असे फरक हाडाहाडाने मांडले, तरी उत्खननातल्या तुकड्यांवर ते सगळे चालत नाहीत. म्हणून पुरातत्त्वाच्या अहवालांत 'शेळी/मेंढी' असं एकत्रच लिहिलेलं दिसतं. छिद्रांवरून हे दोघे वेगळे करता येतील का, हा किडा आता डोक्यात शिरलाय. एकेका कवटीवरून काही म्हणणं मूर्खपणा ठरेल, त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी ओव्हेलची लांबीरुंदी मोजून पाठवा.

राहिलेल्या प्रश्नांची धावती उत्तरं. नळीच्या हाडावर मधोमध तिरकं, गुळगुळीत कडेचं एकच भोक दिसलं तर ते पोषण करणाऱ्या रक्तवाहिनीचं, कुत्र्याच्या दाताचं नव्हे. दाताने हाड चेपतं आणि कड आत दबते. कुत्र्याच्या दंडाच्या हाडात कोपराजवळ आरपार भोक असतं, त्यातून काहीही जात नाही. मांजरात त्याच भागात आतल्या बाजूला फट असते, तिच्यातून मात्र नर्व्ह आणि धमनी दोन्ही जातात. म्हणजे दंडाचं एक हाड हाती लागलं तरी दोघांत गल्लत होऊ नये. कोंबडीच्या दंडाच्या डोक्याखालचं मोठं भोक हाडात हवा जाण्याचं. ब्रॉयलर घेऊ नका, इतक्या लहान वयात हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात आणि पेरॉक्साइडमध्ये सुटून येतात. गावठी, म्हातारी कोंबडी घ्या.

आणि रानातून उचललेल्या कवट्यांचे फोटो कुणी पाठवू नका, मी ओळखून देणार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्या बाळगणंच गुन्हा ठरू शकतं. जिथे दिसल्या तिथेच राहू द्या आणि वनखात्याला कळवा. आपल्याला बोकड, मेंढी, म्हैस, कोंबडी पुरेशी आहेत.

लेटेक्स कुठलं घ्यावं, हे कुणी वापरलं असेल तर सांगा. मुखवटे बनवणारे वापरतात ते मला घट्ट वाटतं, पाणी घालून पातळ केलं तर बारीक वाहिन्यांत जाईल असा अंदाज आहे. आधी एका बकऱ्याच्या मूत्रपिंडावर करून बघते. ते स्वस्त मिळतं, आणि मामा त्याबद्दल काही विचारणार नाहीत.