आमची वाटचाल : चार रकाने आणि एक बटण

आमचं पहिलं सॉफ्टवेअर म्हणजे एक करडी विंडो होती. चार रकाने, 'जतन करा' आणि 'फाइल आत घ्या' अशी दोन बटणं, बस्स. एका गोदामात येणाऱ्या मालाची नोंद ठेवायची होती. तिथल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, म्हणून डेस्कटॉप ॲपच करायचं ठरलं. आम्ही दोघंच होतो, दोघांनाही पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती आणि विंडो-बटणं बनवायचं साधन टीकेइंटर तिच्याबरोबर आयतंच मिळतं. त्याच्या मुळाशी असलेलं टीके १९९१ सालचं, संगणकशास्त्रज्ञ जॉन ऑस्टरहाउट यांचं. दिसायला जुनाट, पण दहा ओळींत विंडो उघडते. शेवटची ओळ मेनलूपची. ती नेमकं काय करते, हे मात्र आम्हाला डिलिव्हरीनंतर कळलं.

आमच्या टेस्टिंगच्या फाइलमध्ये वीस ओळी होत्या. गोदामातल्या ताईंच्या फाइलमध्ये चाळीस हजार निघाल्या. त्यांनी बटण दाबलं, काही हललं नाही, म्हणून लगेच आणखी दोनदा दाबलं. मग विंडो पांढरट पडली आणि आम्हाला फोन आला : "तुमचं मेलं हो!"

मेलं नव्हतं, कामात होतं. माउसचा क्लिक, कीबोर्डची कळ, विंडो पुन्हा रंगवणं, सगळं एका रांगेत उभं राहतं आणि मेनलूप ते एकेक करून उरकतो. आमचं फंक्शन फाइल वाचत बसलं, की रांग जागच्या जागी थांबायची. पाच सेकंद ॲपने रांगेकडे पाहिलं नाही, की विंडोज ते 'प्रतिसाद देत नाही' असं जाहीर करून मोकळं होतं. फाइल वाचून झाली, रांग हलली, आणि तिच्यात थांबलेले दोन क्लिकही इमानदारीत पार पडले. कागदोपत्री माल तिप्पट!

आम्ही शहाणपणा केला. फंक्शन सुरू होताच बटण बंद, संपताना चालू. फरक शून्य. कारण थांबलेले क्लिक रांगेतून बाहेर येईपर्यंत बटण पुन्हा चालू झालेलं असायचं. हे लक्षात यायला दोन रात्री गेल्या. मग फाइल वाचायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात टाकलं, आणि त्या थ्रेडमधूनच 'इतक्या ओळी झाल्या' हे लेबल बदलायला लागलो. आमच्याकडे चालायचं, ताईंकडे मधूनच कोसळायचं. विजेटला, म्हणजे विंडोतल्या बटण-लेबलसारख्या घटकाला, हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा, हा धडा तिथे मिळाला. आता थ्रेड आकडा क्यूमध्ये (निरोपांच्या एका वेगळ्या रांगेत) टाकतो, आणि विंडो 'आफ्टर' ही टीकेइंटरची गजराची सोय लावून दर १०० मिलिसेकंदांनी क्यूत डोकावते.

टॅबची गंमत वेगळीच. ताई माउस जवळपास वापरतच नाहीत. आम्ही नंतर पाचवा रकाना वाढवला, स्क्रीनवर दुसऱ्या जागी बसवला, तरी टॅब दाबला की कर्सर तिथे सगळ्यांत शेवटी जायचा. टीकेइंटरमध्ये टॅबचा क्रम विजेट कोणत्या क्रमाने तयार केले त्यावर ठरतो, ते दिसतात कुठे यावर नाही. कोडमधल्या दोन ओळी वर सरकवल्या, झालं.

पुढे कामं वाढली तसे आम्ही क्यूटी या विंडो बनवायच्या दुसऱ्या साधनावर गेलो. तिथे सिग्नल-स्लॉट, म्हणजे एका भागाने निरोप सोडायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा अशी सोय असल्याने थ्रेडची कटकट बरीच कमी झाली. पायक्यूटीमध्ये (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी) अर्धं काम झाल्यावर कोणीतरी लायसन्स वाचलं : एकतर जीपीएल, म्हणजे ॲप दुसऱ्याला देताना कोडही खुला द्यायचा, नाहीतर विकतचं. आम्हाला कोड बंद ठेवायचा होता, म्हणून एलजीपीएल या त्याहून सैल लायसन्समध्ये मिळणाऱ्या पायसाइड या तशाच लायब्ररीवर आलो. इम्पोर्टच्या ओळी आणि थोडी किरकोळ नावं बदलावी लागली, पण घाम फुटला तो फुटलाच.

आज आम्ही सहा जण आहोत. ताईंची ती चाळीस हजार ओळींची फाइल, नावं-आकडे बदलून, अजून जपून ठेवली आहे. नवीन मुलगा किंवा मुलगी आली, की पहिल्या दिवशी ती फाइल आणि एक बटण असलेली विंडो देतो : फाइल आत जात असताना विंडो माउसने ओढता आली पाहिजे, आणि तीनदा दाबलं तरी माल एकदाच चढला पाहिजे.

बहुतेक जण आधी बटणच बंद करून बघतात.